पंधरा नंबरचा गाळा

यीस्टची एक पेशी नीट खाऊपिऊ घातली तर दीड तासात तिच्या दोन होतात. आमच्या लॅबमधले किस्से त्याहून भराभर वाढतात, आणि त्यांना खाऊपिऊ घालावंही लागत नाही. बाकीच्यांच्या लॅबमध्ये वर्षाअखेरीस शोधनिबंध जमतात, आमच्याकडे हे जमतात. पुण्या-मुंबईच्या परिषदेला गेले की चहाच्या टेबलावर लोक मला गाठतात आणि विचारतात, "काय मॅडम, अमरावतीला नवीन काय?" त्यांना माझे रिझल्ट ऐकायचे नसतात, हे मला आता कळलंय.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. म्हणजे बदल म्हणून कधी थंड हवा मिळावी, तर तीही सोय नाही. पण मला उन्हाचा ताप होत नाही. मला ताप होतो तो आम्ही काय करतो हे लोकांना सांगण्याचा. तुम्हाला एकदाच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

यीस्ट म्हणजे पाव फुगवायला घालतात तेच. त्याच्या एवढ्याशा पेशीत हजारो जनुकं असतात आणि ती सगळी एका वेळी चालू नसतात. ज्याची गरज, त्या जनुकाची नक्कल काढली जाते आणि त्या नकलेवरून पुढचं काम होतं. नक्कल कधी काढायची आणि कधी नाही, हे एकटंदुकटं प्रथिन ठरवत नाही. प्रथिनं घोळक्यानं येतात. त्या घोळक्याला म्हणतात कॉम्प्लेक्स. घोळका जनुकाच्या तोंडाशी ज्या जागेवर उतरतो, त्या जागेला म्हणतात प्रमोटर. आणि 'चला, नक्कल काढा' हा निरोप मधल्या मध्ये पोचवणारा पंचवीसेक प्रथिनांचा एक मोठा घोळका आहे, त्याचं नाव मेडिएटर.

संपलं. एवढंच आहे. आता हेच तीन शब्द राजापेठच्या चौकात उभं राहून जरा मोठ्यानं म्हणून बघा. कॉम्प्लेक्स, प्रमोटर, मेडिएटर. पाच मिनिटांत कुणीतरी गाडी बाजूला लावून तुम्हाला स्क्वेअर फुटाचा भाव विचारेल.

*

याची सुरुवात केली नाझियाच्या मामूंनी.

नाझिया माझी पीएचडीची विद्यार्थिनी, परतवाड्याची. वडील लहानपणीच गेले, तिला वाढवलं मामूंनी. रशीदमामूंचा संत्र्याच्या आडतीचा धंदा, आणि संत्र्याचा हंगाम नसेल तेव्हा प्लॉट आणि दुकानांचे सौदे जमवून द्यायचे. माणूस अतिशय प्रेमळ. भाचीला शिकवायचं म्हणजे शिकवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. काय शिकते आहे, हे विचारायला त्यांना कधी सवड मिळाली नव्हती.

तिचं काम सांगते. मेडिएटरमधली प्रथिनं नंबरांनी ओळखतात. त्यातलं पंधरा नंबरचं प्रथिन काढून टाकायचं आणि मग कोणती जनुकं अडतात, कोणती अडत नाहीत ते बघायचं. पंधरा नंबर नसलेलं यीस्ट तिनं स्वतःच्या हातानं तयार केलं होतं. त्यात किती महिने गेले आणि किती वेळा ती माझ्यासमोर रडली, ते मी मोजलं नाही.

एकदा मामू तिला संत्री द्यायला लॅबमध्ये आले. भिंतीवर तिचं पोस्टर होतं. हातातली पिशवी खाली ठेवून ते पोस्टर वाचायला लागले. इंग्रजी त्यांना दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं येतं, आणि नेमकं तेच नडलं.

"बेटा, हे मेडिएटर म्हंजे मधातला मानूस ना?"

नाझियाच्या हातात गरम मीडियमचा, म्हणजे यीस्टच्या खाद्याचा, फ्लास्क होता. ती म्हणाली, "हो मामू, तसंच समजा."

"म्हंजे दलाल."

"हो मामू."

"आन् खाली प्रमोटर. ते तं मले मालूम हाय. आन् वर कॉम्प्लेक्स." मामूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "पोट्टी माह्या धंद्यावर पीएचडी करून राहिली, आन् मले सांगितलंबी नाई?"

मी पुढे होऊन समजावायला लागले. पेशी, जनुक, प्रथिन. मामू मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष पोस्टरमधल्या चित्राकडे होतं. मेडिएटरचे पंचवीस गोल काढून त्यांना नंबर दिले होते. पंधरा नंबरचा गोल तेवढा पांढरा ठेवलेला.

माझं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी अतिशय अदबीनं विचारलं, "मॅडम, हा पंधरा नंबरचा गाळा अजून गेला नाई काय?"

*

आता माझा दुसरा विद्यार्थी वैभव. हा पातूरचा. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. हात मातीतला असल्यामुळे यीस्ट त्याच्याकडे छान वाढतं, आमच्या कुणाकडे वाढत नाही इतकं. पण त्याला लिहायचा कंटाळा. एका अक्षरात काम होत असेल तर तो दुसरं अक्षर लिहीत नाही.

आमच्या कामाला दोन साखरा लागतात. यीस्टला गॅलॅक्टोज दिलं की ती साखर पचवायची जनुकं चालू होतात. ग्लुकोज दिलं की तीच जनुकं बंद. म्हणजे एक बाटली म्हणजे 'चालू'चं बटण आणि दुसरी म्हणजे 'बंद'चं. सगळा प्रयोग या दोन बाटल्यांवर उभा.

एका महिन्यात आमचे रिझल्ट वेड्यासारखे यायला लागले. जनुक आज चालू, उद्या बंद, परवा अर्धवट. नाझिया म्हणाली मेडिएटरचंच काहीतरी आहे. मला तर क्षणभर वाटलं, नवीन शोध लागला. मी दोन रात्री नीट झोपले नाही, एवढी मी खूष.

मग मी साखरेच्या बाटल्या बघितल्या. दोन बाटल्या, दोन्हीत पांढरी पूड. एकीवर लिहिलं होतं 'ग'. दुसरीवरही लिहिलं होतं 'ग'.

"वैभव, हे काय आहे?"

"लेबल हाय मॅडम."

"यातली ग्लुकोज कोणती आणि गॅलॅक्टोज कोणती?"

त्यानं दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. "मॅडम, एक ग जरा मोठा काढेल हाय."

"मोठा ग म्हणजे कोण?"

तो विचार करायला लागला. रेणूच्या वजनावरून ठरवावं, तर दोन्ही साखरांचं वजन सारखं. सूत्रावरून ठरवावं, तर सूत्रही सारखं. मी बाटल्या उचलल्या आणि महिनाभराच्या कामासकट सिंकमध्ये ओतल्या. नव्या मागवल्या आणि त्याला बजावलं, की आता नीट, पूर्ण, वाचता येईल असं लिही.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर एका बाटलीवर 'ग (चालू)' आणि दुसरीवर 'ग (बंद)'. मी बाटल्या तशाच फळीवर ठेवल्या. निदान खरं तरी होतं.

*

आमच्या ऑफिसातले मोठे बाबू म्हणजे इंगळेबाबू. त्यांच्या सहीशिवाय लॅबमध्ये टिपकागदही येत नाही. माणूस वाईट नाही, पण त्यांचा एक नियम आहे. जी गोष्ट त्यांना कळत नाही, तिच्यावर आधी आक्षेप घ्यायचा आणि मग चहा प्यायचा.

आम्हाला यीस्टमध्ये घालायला डीएनएचा एक तुकडा विकत घ्यायचा होता. त्यात एक प्रमोटर होता. मी मागणीपत्रात लिहिलं, 'प्रमोटर, एक नग'. दुसरं काय लिहिणार?

आठवड्यानं कागद परत आला. त्यावर इंगळेबाबूंच्या गोल अक्षरात शेरा: 'सदर प्रमोटरचे नोंदणी प्रमाणपत्र व जागेचा सातबारा जोडावा.'

मी तणतणत ऑफिसात गेले. म्हटलं, "बाबू, हा तसला प्रमोटर नाही. हा डीएनएचा तुकडा आहे. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

इंगळेबाबूंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मॅडम, न दिसणाऱ्या प्रमोटरले पैसे देऊनच तं लोक फसून राहिले."

तो तुकडा शेवटी 'रसायन' या नावानं आला.

*

जनुकाच्या किती नकला निघाल्या हे मोजायचं मशीन आमच्याकडे नाही. ते अकोल्याला माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात आहे. त्यामुळे आमचं यीस्ट अमरावती-अकोला असं अप-डाउन करतं. थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, बर्फात नळ्या, डबा नाझियाच्या मांडीवर आणि बस. बडनेरा येईपर्यंत बर्फ ठीक असतो, मूर्तिजापूरला डबा घाम गाळायला लागतो आणि अकोल्याला पोचेपर्यंत नाझियाही.

एकदा मी सोबत होते. कंडक्टर आला. तिकीट फाडता फाडता त्याची नजर डब्यावर गेली.

"ताई, यात काय हाय? मासोया तं नाई ना? वास येईन."

"नाही भाऊ. यीस्ट आहे."

"ते काय रायते?"

नाझिया पहिल्यापासून खरं बोलणारी. ती म्हणाली, "एक प्रकारचा जीव असतो."

कंडक्टरचा हात थांबला. "जित्ता हाय?"

"हो. जिवंतच न्यावा लागतो."

"मंग तिकीट लागते. जित्त्या जनावराले अर्धं तिकीट हाय."

मी मध्ये पडले. जनावर नाही, डोळ्यांना दिसत नाही, एका नळीत कोट्यवधी मावतात, असं सगळं सांगितलं. मागच्या सीटवरचे दोघे-तिघे पुढे सरकून ऐकायला लागले. कंडक्टरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कोट्यवधी? मॅडम, मी अर्ध्यावर सोडून राहिलो ना तुमाले."

आम्ही निमूटपणे अर्धं तिकीट काढलं.

*

त्याच खेपेला अकोल्यात एक छोटी परिषद होती आणि नाझियाच्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. तिच्याइतकाच आनंद मला झाला, कारण विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ आता शेवटची होती. त्या वर्षात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. बक्षिसामुळे जरा बळ आलं.

ते बळ दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात बातमी आली: 'परतवाड्याच्या कन्येच्या कॉम्प्लेक्सला प्रथम पारितोषिक'. खाली मजकूर ठीकठाक होता, पण मजकूर वाचतो कोण? मामूंनी ती बातमी कापून बाजारात सगळ्यांना दाखवली आणि कुणी विचारलंच तर असावा म्हणून नाझियाचा फोन नंबरही दिला.

मग फोन यायला लागले. यीस्ट मोजत असताना फोन, पीपेट हातात असताना फोन. तळमजला आहे का. कॉर्नरचा आहे का. पार्किंगचं काय. एका बाईंना ब्युटी पार्लरसाठी हवा होता. नाझियानं किती समजावलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला: "बरं, ते राहू द्या. पंधरा नंबर खाली हाय असं ऐकलं."

एका दुपारी तिनं फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि स्टुलावर बसून हमसून रडायला लागली. मला वाटलं, आता फोनवाल्यांना शिव्या देईल. ती वेगळंच बोलली.

"मॅडम, मले गाळेवाल्यायचा राग नाई येत. माह्या घरात एकाबी मानसाले मालूम नाई, मी इतके वर्सं इथं काय करून राहिली. मामूले वाटते मी त्यायच्या धंद्याचं काम करून राहिली. ते इतके खूष हायत की मले त्यायले नाई म्हनताबी येत नाई. डॉक्टर झाली तं कोनासाठी झाली मी?"

एरवी ती माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलते. रडताना तिचं वऱ्हाडी बाहेर येतं. मला फार वाईट वाटलं. मी तिला पाणी दिलं आणि त्या ब्युटी पार्लरवाल्या बाईंचा पुन्हा फोन आला तेव्हा मीच उचलला. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

*

आता डीप फ्रीझर. हा किस्सा सांगताना मला अजून हसू येत नाही.

आमचा डीप फ्रीझर उणे ऐंशीचा. नाझियाचं ते पंधरा नंबर नसलेलं यीस्ट, सगळ्या नळ्यांसकट, त्याच्यात. प्रबंधाचे शेवटचे दोन प्रयोग बाकी होते. ते यीस्ट होतं म्हणून प्रबंध होता.

मे महिना. रसायनशास्त्राच्या एका सरांचा निरोपसमारंभ. इंगळेबाबूंनी आइस्क्रीम मागवलं, ते आलं सकाळीच आणि समारंभ संध्याकाळी. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ते मावेना. बाबूंना आठवलं, की आपण सही केलेला एक मोठा फ्रीझर वर आहे. ते किल्ली घेऊन आले, आतले 'बारक्या बारक्या बाटल्यांचे डबे' काढले, आइस्क्रीम ठेवलं आणि गेले. रविवार होता, लॅबमध्ये कुणी नव्हतं.

संध्याकाळी आइस्क्रीम कुणाला खाता आलं नाही. ते इतकं गोठलं होतं की चमचे वाकले. निरोप घेणाऱ्या सरांनी भाषणात त्यावर विनोदही केला. मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

सोमवारी सकाळी नाझियानं फ्रीझर उघडला. मग तिनं खिडकीकडे पाहिलं. डबे खिडकीच्या कट्ट्यावर एकावर एक नीट रचून ठेवले होते. हात लावला तर गरम.

मी इंगळेबाबूंना बोलावलं. त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, ते खरोखर घाबरले. म्हणाले, "मॅडम, पन मी सावलीत ठेवले होते."

अमरावतीची मे महिन्यातली सावली! आम्ही प्रत्येक नळीतला थेंब प्लेटवर लावून पाहिला. दोन दिवस, तीन दिवस, चार दिवस. प्लेटी धुतल्यासारख्या स्वच्छ, एकही पेशी जिवंत नाही. नाझिया रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती प्लेटींकडे बघत बसायची, आणि मी तिच्याकडे. नव्यानं ते यीस्ट करायचं तर मुदत संपणार हे आम्हा दोघींना माहीत होतं.

वैभव कोपऱ्यात बाटल्या धूत होता. मध्येच म्हणाला, "मॅडम, त्या अर्ध्या तिकिटातलं काही उरलं नसंन काय?"

मी अकोल्याला मैत्रिणीला फोन लावला. ही माझी मैत्रीण अशी, की तिच्या लॅबच्या फ्रिजमध्ये यीस्ट, एन्झाइम आणि घरची लसणाची चटणी शेजारी शेजारी नांदतात. कितीदा भांडले मी तिच्याशी त्यावरून. तिनं फोन धरूनच फ्रिज उघडला. खुडबुड ऐकू आली.

"एक नळी आहे बाई चटणीच्या मागे. तिरप्या जेलीवर काहीतरी पांढरं वाढवलेलं. वर नुसतं 'ना' लिहिलंय."

'ना' म्हणजे नाझिया. आमच्या लॅबमधल्या एकाक्षरी लेबलांचा रोग तिलाही लागला होता.

"तू ती टाकून कशी नाही दिलीस?" मी विचारलं.

"मला वाटलं 'ना' म्हणजे नाही, हात लावायचा नाही. म्हणून नाही लावला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही अकोल्याला गेलो आणि दुपारच्या बसनं परत निघालो. नळी डब्यात, डबा नाझियाच्या मांडीवर. कंडक्टर तोच. त्यानं डबा ओळखला.

"वापस चालले काय तुमचे पाव्हने? अर्धं काढतो."

"पुरं काढा भाऊ," नाझिया म्हणाली. ती पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली होती.

परत आल्यावर खात्री करायची होती, की हे तेच यीस्ट आहे. ग्लुकोजवर ते वाढलं, म्हणजे जिवंत होतं. मग गॅलॅक्टोजवर लावून पाहिलं. साधं यीस्ट तिथं जोमानं वाढतं, पंधरा नंबर नसलेलं कुथत कुथत. आमचं वाढेना. ते वाढत नाही हे बघून आम्ही तिघांनी पेढे खाल्ले. इंगळेबाबूंनी आणलेले.

*

आणि आता ती तोंडी परीक्षा.

प्रबंध मुदतीत गेला. पुढे यथावकाश तोंडी परीक्षेची तारीख आली. आमच्याकडे ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. एरवी येतं कोण? दोन-चार विद्यार्थी, तेही नाश्त्यासाठी. पण परतवाड्याहून रशीदमामू आले, आणि एकटे नाही, आडतीतल्या दोन मित्रांना घेऊन. पांढराशुभ्र इस्त्रीचा कुर्ता, वर काळं जाकीट. माझ्या शेजारी बसत म्हणाले, "मॅडम, आमच्या धंद्यावर एवढा मोठा प्रोग्राम पयल्यांदाच होऊन राहिला."

मी त्यांना खरं सांगणार होते, तेवढ्यात परीक्षक आले.

बाह्य परीक्षक पुण्याचे. बारीक आवाज, बारीक चष्मा आणि चेहऱ्यावर काहीही न आवडल्याचा भाव. नाझियानं सादरीकरण चांगलं केलं. आलेख दाखवले, आकडे दाखवले, सगळं घडाघडा इंग्रजीत. परीक्षक नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "स्लाइड बंद करा. आता मला साध्या शब्दांत सांगा, तुमच्या भाषेत. पंधरा नंबर नसेल तर नेमकं काय अडतं?"

नाझियानं स्लाइड बंद केली आणि तिच्याबरोबर तीही बंद झाली. मी तिला इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. गाईडनं मध्ये बोलायचं नसतं. उत्तर माझ्या घशाशी आलं होतं आणि मी नुसती खुर्चीचा हात आवळत बसले होते. एवढं सगळं पार करून पोरगी इथं अडकते की काय, म्हणून माझा जीव अर्धा झाला.

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मामू उभे राहिले होते.

"साहेब, माफी असावी. पोट्टी घाबरली. मी सांगतो."

"मामू," मी त्यांचा कुर्ता ओढला.

"थांबा मॅडम, हे माहं रोजचं काम हाय. साहेब, सोपं हाय. जागा प्रमोटरची. तिच्यावर कॉम्प्लेक्स. मधात मेडिएटर, म्हंजे आमी. आता पंधरा नंबरचा गाळा खाली पडेल हाय. तं मंग सौदा अडते."

परीक्षकांचा चष्मा नाकावर खाली आला. मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. आणि समोरून आवाज आला.

"मामू, बसा खाली!"

नाझिया टेबल सोडून पुढे आली होती. चेहरा लालबुंद.

"गाळा नाई तो! सांगू सांगू माहं तोंड दुखलं! प्रोटीन हाय ते. ऐका आता नीट. गॅल-चार नावाचं एक प्रोटीन हाय. गॅलॅक्टोज आलं का ते डीएनएवरून सांगते, जीन चालू करा. पन त्याच्या एकट्याच्यानं होत नाई. नक्कल काढनारी मशीन तिकडं, हा इकडं. मधात मेडिएटर. आन् त्या मेडिएटरच्या शेपटीले पंधरा नंबर हाय. तोच गॅल-चारचा हात धरते. पंधरा नंबर काढून टाकला तं हात धराले कोनी नाई. मेडिएटर प्रमोटरवर धड येतच नाई. तो नाई आला तं मशीन येत नाई. मशीन नाई आली तं नक्कल निघत नाई. आन् यीस्ट गॅलॅक्टोजच्या ढिगात बसून उपाशी राह्यते!"

तिनं श्वास घेतला. मला वाटलं, थांबली.

"आन् हे बी ऐका. सगळेच जीन अडत नाई. काही जीनले त्या शेपटीची गरजच नाई, ते आपले चालू राह्यते. कोनते अडते आन् कोनते नाई अडत, काहून अडत नाई, ते मी शोधलं. मी, इथं बसून. इतके वर्सं मी तेच करून राहिली मामू. मी तुमच्या धंद्यावर नाई काई करून राहिली!"

नाझियानं तोंडावर हात ठेवला. मामू हळूहळू खाली बसले. परीक्षकांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

नंतर अध्यक्षांनी उभं राहून पदवीची शिफारस वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. वैभवनं पातूरहून आणलेली शेवंती पिशवीतूनच तिच्या हातात दिली, कारण हार करायचा कंटाळा. इंगळेबाबूंनी डोळे टिपले. परीक्षक नाश्त्याकडे वळले.

मामू सगळ्यांत शेवटी तिच्याजवळ आले. टोपी काढून हातात धरली होती. त्यांच्या मागे आडतीतले दोघे मित्र उभे.

"एवढं सगळं तू करून राहिली होती, बेटा?"

"हो मामू."

"आन् मी बजारात गाळे सांगून राहिलो होतो."

मामूंनी टोपी परत डोक्यावर घातली, मित्रांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि जरा भीत भीत विचारलं, "मंग आता... ताबा मिळाला ना?"

मी तोंड उघडलं. नाझियानं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मामूंचा हात धरला.

"मिळाला मामू. आजच मिळाला."